वाकळीवरचा गुडघा

लिहून ठेवणार : मी, रुखमाबाई धर्मपाल हनवते, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार बुद्धविहारामागची गल्ली, पुसद, जिल्हा यवतमाळ.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून झाल्यावर लिहून ठेवत आहे. दोरा ओवायला मला चष्मा लागतो, माणूस ओळखायला लागत नाही. माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे माझा मुलगा चार ठिकाणी बोलला आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही काखेत कुठे उसवली आहे तेही सांगितले. त्यांनी दाखला लगेच लिहून दिला.

वकील साहेबांचे म्हणणे पडले की मृत्युपत्र थोडक्यात असावे, कारणे लिहू नयेत. मी म्हटले, साहेब, कारण नाही लिहिले तर लोक आपापले कारण शिवतील आणि ते माझ्या मापाचे नसेल. तेव्हा कारणांसकट लिहिते. ज्याला कंटाळा येईल त्याने शेवटचे पान वाचावे.

कलम १. माझ्याविषयी

माझा जन्म पुसदजवळच्या खेड्यातला. माझ्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी कडेवर होते. घरातले देव गेले, माझे नाव तेवढे जुनेच राहिले. लग्नानंतर सासऱ्यांनी ते बदलून यशोधरा ठेवायचे ठरवले होते. मी म्हटले, नाव माझ्या आजीचे आहे, तिने ते कोणत्याही देवळातून आणले नव्हते. तो विषय तिथेच मिटला.

शिवण मला कोणी शिकवली नाही. पुसदच्या बाजारात एक शिंपी होता, त्याचे नाव लिहून त्याला मोठा करत नाही. मी त्याच्याकडे शिकायला गेले तर त्याने मला पायरीच्या वर येऊ दिले नाही. मग मी पायरीखाली बसून तो फेकायचा ते कातरण वेचू लागले. काखेतून काय निघते, गळ्यातून काय निघते, कळीतून कोणता तुकडा उरतो, हे बघत बघत मला आख्खा ब्लाउज उलटीकडून कळला. पुढे त्याच शिंप्याच्या दोन्ही सुनांचे ब्लाउज माझ्याकडे यायचे. मी त्या दोघींना घरात खुर्चीवर बसवत असे.

माझे पती धर्मपाल एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. माणूस चांगला होता. इंजिन खोलून पुन्हा बसवायचा, पण घरातली एक कडी काही त्यांना सरळ बसवता आली नाही. त्या कडीविषयी पुढे येईलच.

आम्हाला एकच मुलगा, विक्की. तो सध्या राजूरला कोळशाच्या ट्रकांची कामे बघतो आणि पुसदला निवडणुकीच्या मागे असतो. त्याची पत्नी उर्वशी आणि माझी नात संघमित्रा माझ्याजवळ राहतात. उर्वशीने परिचारिकेचे शिक्षण घेतले आहे.

कलम २. वाकळ म्हणजे काय, हे माहीत नसणाऱ्यांसाठी

माझ्या मिळकतीत घर आहे, मशीन आहे, थोडी बचत आहे. पण भांडण होईल ते वाकळीवरून. म्हणून तिचा इतिहास आधी लिहिते.

माझ्या शेजारी शमसुन्निसा राहते. तिचा नवरा जमीर मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. सोनीबाई राठोड जवळच्या तांड्यावरची. तांड्यावरच्या बायांचे ब्लाउज ती माझ्याकडे घेऊन यायची आणि मला कापडावर आरशाची भिंगे टाकून द्यायची. शमसुन्निसाच्या नसरीनचे लग्न ठरले तेव्हा आम्ही तिघी माझ्या ओसरीवर तिच्यासाठी वाकळ शिवायला बसलो. जुन्या साड्यांचे थर आणि वरून चौकोन, आपल्याकडे शिवतात तशीच.

शिवता शिवता शमसुन्निसा बोलू लागली. जमीरचा हात एकदा मशीनमध्ये आला होता. तेव्हा दुकानाच्या मागे पडदा लावून वर्षभर मोटरींत तांब्याची तार तिनेच भरली. पुढे गिऱ्हाइके जमीरचे कौतुक करत. एका पाटलाने तर सांगितले, जमीरभाई, हात दुखावल्यापासून तुमचे काम जास्त बारीक झाले. हे सांगताना ती हसत होती आणि रडतही होती. तिची सुई बोटात गेली, कापडाला रक्त लागले. सोनीबाईने तिच्या हातून सुई काढून घेतली.

"तू बोल वं," ती म्हणाली. "सुई मले दे. दोन्ही कामं एका जिवानं होत नाही."

शमसुन्निसा बोलत गेली आणि सोनीबाई ऐकलेले भरत गेली. संध्याकाळी चौकोनावर तांबूस दोऱ्याचे वेटोळे होते, आणि त्यात बांगड्या घातलेला एक हात. शमसुन्निसाने ते बघितले आणि म्हणाली, "हे नसरीनले नाही देत मी. तिले दुसरी शिवू." नसरीनला बाजारातून सोलापुरी चादर घेऊन दिली. ही वाकळ माझ्याच घरात राहिली आणि वाढत गेली.

आमचा नियम असा ठरला. जी बोलेल तिने सुई धरायची नाही. जी सुई धरेल तिने बोलायचे नाही, मध्ये विचारायचे नाही, "असं नसेल गं" असे तर मुळीच म्हणायचे नाही. नाव भरायचे नाही, चेहरा भरायचा नाही. कोणाची गोष्ट कोण भरेल यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. त्यात प्रत्येकीचे एक बटण. बोलणारीने हात घालायचा, जिचे बटण येईल तिने सुई घ्यायची. माझे बटण धर्मपालच्या काळ्या कोटाचे, सगळ्यात मोठे. हे सगळे नियम मीच केले होते, हे पुढे लक्षात ठेवावे.

हळूहळू गल्लीतल्या आणि तांड्यावरच्या बाया येऊ लागल्या. शिंप्याच्या पायरीखालची मी त्या वाकळीवर आहे, तीही सोनीबाईच्याच हातची. नसरीनला पुसदमध्येच दिली होती, सोनीबाईची गोष्ट तिने भरली. सोनीबाईच्या आईने तिला लग्नात भिंगांची ओढणी दिली होती, तीन हिवाळे बसून भरलेली. तिच्या सासऱ्याने ती जीपमधून आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. बऱ्याच वर्षांनी सोनीबाईने एका मोठ्या घरातल्या सोफ्यावर उशा बघितल्या. प्रत्येक उशीवर तिच्या आईच्या ओढणीचा एकेक तुकडा होता. "याडीचा हात मले एका उशीवर दिसला, बोटं दुसरीवर," असे ती म्हणाली होती. नसरीनने ती ओढणी पुन्हा एका तुकड्यात भरली.

कलम ३. उर्वशीचा चौकोन

उर्वशी आमच्यात बसत नसे. चहा आणून ठेवायची आणि आत जायची. एका दुपारी तिने केटली खाली ठेवली, पदर खोचला आणि डब्यात हात घातला. वर आले ते काळ्या कोटाचे बटण.

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. शेवटी शमसुन्निसा म्हणाली, "परत टाक वं पोरी. दुसरं काढ."

"नाही खाला," उर्वशी म्हणाली. "हेच राहू द्या. यायनं ऐकलंच पाह्यजे."

मी सुई घेतली.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिची मुकुटबनच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली होती. हजर व्हायचा शेवटचा दिवस होता. मी तेव्हा बहिणीकडे राजूरला होते. उर्वशी पांढरी साडी नेसून तयार झाली. विक्की तिला बसस्टँडवर सोडणार होता. प्रमाणपत्रे घ्यायला ती मधल्या खोलीत गेली आणि दार बाहेरून लागले. पाळण्यातली पोर रडत होती ते तिने आतून ऐकले. विक्कीने तिला उचलले, गाडी सुरू झाली, आवाज लांब गेला. मुकुटबनची बस गेली. दिवस मावळताना त्याने दार उघडले आणि म्हणाला, कडी चुकून लागली.

मी परत आले तेव्हा मला सांगितले गेले की उर्वशीनेच नाही म्हटले, तिला लेकरू सोडवेना. मी ते खरे मानले. दहा ठिकाणी सुनेचे कौतुक केले. प्रत्येक वेळी उर्वशी बाजूला उभी असायची आणि काही बोलायची नाही. आता मला कळते की ती कशासाठी थांबली होती. जिथे मला तोंड उघडता येणार नाही अशा जागेसाठी थांबली होती.

तीन वेळा माझ्या ओठांवर आले की माझा विक्की असा नाही. हातात सुई होती. नियम माझा होता. मी गप्प बसले आणि माझ्या मुलाविषयी कोणी बोललेले आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकले. मला फार राग आला. आधी तिचा आला, मग त्याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता कडीविषयी. आमच्या मधल्या खोलीची कडी धर्मपालने बसवली, वाकडी. दार खाली बसते आणि कडी वर राहते. डाव्या हाताने कडी धरायची, उजव्या गुडघ्याने दार उचलून धरायचे, मगच ती लागते. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ही कसरत केलेली आहे आणि त्यावरून धर्मपालची थट्टा केलेली आहे. वाऱ्याने, लेकराने, मांजराने ती लागत नाही. चुकून तर लागतच नाही.

मी दार भरले. दारामागे पांढऱ्या दोऱ्याने साडीची किनार भरली. वर कोपऱ्यात लाल एसटी भरली. साखळी टाक्याने कडी भरली, जशी आहे तशी, वाकडी. आणि दाराला खालून लावलेला एक गुडघा भरला. बाकी माणूस नाही, चेहरा नाही, नाव नाही.

चौकोन पूर्ण झाल्यावर बायांमध्ये वाद झाला. नसरीन म्हणाली की हे नियमात बसत नाही, उर्वशी गुडघ्याचे काही बोललीच नव्हती, आपण ऐकलेले तेवढेच भरतो. ती खरे बोलत होती. माझा हात माहितीतल्या कडीवर गेला आणि पुढचे आपोआप भरले गेले. मी उसवायला तयार होते. तेव्हा सोनीबाई बोलली.

"ते आत होती. तिले बाहेरचं कसं दिसन? बाहेरची बाजू बाहेरच्या बाईनंच भरली पाह्यजे ना!"

उर्वशी चौकोनावर हात फिरवत म्हणाली, "मले इतके वर्षं वाटे, का चुकूनच लागली असन. ते कडी मी रोज लावतो, तरी मनाले तसंच समजावलं." मग ती खूप रडली. गुडघा राहिला.

कलम ४. बुद्धपौर्णिमा आणि नंतरचे

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला आम्ही वाकळ विहाराच्या अंगणात दोरीवर टाकली. बाया दरवर्षी टाकायच्या, त्यात नवीन काही नव्हते. विक्की पाण्याच्या स्टॉलवर उभा होता, त्याच्या फोटोचा बॅनर मागे लावलेला. आमच्या गल्लीतले म्हातारे उकंडा भगत चौकोन बघत बघत आले आणि दारापाशी थांबून मोठ्याने हसले.

"अरे, हे त धरमच्या घरचं दार! गुडघा लावल्याबिगर लागत नाही थे कडी. मीच कितीक खेपा—"

आणि ते मध्येच थांबले. त्यांनी साडीची किनार बघितली, एसटी बघितली, मग पाण्याच्या स्टॉलकडे बघितले. उकंडा चप्पल घालून घरी गेले. अंगणातल्या बाकीच्यांना जे कळायचे ते कळले.

दुसऱ्या दिवशी विक्की घरी आला. आमचे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहिते, कारण त्याने बाहेर वेगळे सांगितले आहे.

"माय, तू मले गावात उघडं पाडलं. काहून असं केलं?"

"मी कुठं तुहं नाव भरलं? कडी भरली. तुह्या बापानं बसवलेली."

"थे उसव. निवडणूक आहे, लोकं हसून राह्यले मले."

"हसत नाहीत रे ते. हसत असते त बरं होतं."

"तू पोराची हायस का सुनेची?"

"मी त्या दिवशी सुईची होती," मी म्हटले. "आणि तू एकदा मले तोंडानं सांग, का गुडघा कोणाचा होता. मी आत्ता उसवतो."

त्याने सांगितले नाही. मी तेव्हा खरेच उसवले असते, हे शपथेवर लिहून ठेवते.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाया एका मयतीला गेलो असताना विक्की घरात आला आणि ब्लेडने गुडघा उसवून गेला. घाईत त्याने खालचे कापडही कापले. आम्ही परत आलो, वाकळ ओसरीवर पसरली आणि बसलो. शमसुन्निसाने मागून ठिगळ लावले. गुडघा पुन्हा भरला, या वेळी दुहेरी दोऱ्याने, आणि प्रत्येकीने त्यात एकेक टाका टाकला. त्यामुळे तो आता आधीपेक्षा थोडा जाड झाला आहे आणि लांबून दिसतो. हे विक्कीचेच काम आहे.

मग त्याने दुसरा मार्ग काढला. मोठ्या शहरातल्या एका संस्थेच्या बाई गाडी घेऊन आल्या. त्यांना वाकळ हवी होती. चौकोन वेगळे करून प्रत्येकाला फ्रेम करून भिंतीवर लावणार होत्या. विक्की म्हणाला, आई, काचेत राहील, मान मिळेल. बाईंनी शमसुन्निसाच्या चौकोनावर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाल्या, किती सुंदर दुःख आहे हे.

"मॅडम, दुख नाय," शमसुन्निसा म्हणाली. "तीन एचपीची मोटर हाय."

सोनीबाईने वाकळीची घडी केली आणि घडीवर बसली. बाई चहा पिऊन गेल्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, त्यांना फक्त कात्री लवकर सुचली.

या सगळ्यानंतर उर्वशीने पुन्हा अर्ज केला. आज ती पुसदजवळच्या उपकेंद्रात कंत्राटी परिचारिका आहे. सकाळी पांढरी साडी नेसून माझ्यासमोरून जाते. विक्की तेव्हापासून या घरी राहत नाही.

कलम ५. घर

बुद्धविहारामागचे दोन खोल्या, मधली खोली, ओसरी आणि मागची मोकळी जागा असलेले घर माझ्या नावावर आहे आणि माझ्या शिवणकामाच्या कमाईतून बांधलेले आहे. ते स्वकष्टार्जित असल्याने कोणाला द्यायचे हा हक्क माझा आहे. हे घर मी उर्वशीला देते.

वकील साहेबांनी लिहिले होते, "माझी सून हिस." मी ते खोडायला लावले. हे घर मी उर्वशी, माहेरची मुनेश्वर, हिला ती उर्वशी आहे म्हणून देत आहे. उद्या तिने नवरा सोडला, नवऱ्याने तिला सोडले, किंवा तिने दुसरे लग्न केले, तरी घर तिचेच राहील. तिने त्यात राहिलेच पाहिजे असेही नाही. मुकुटबनला नोकरी लागली तर घराला कुलूप लावून खुशाल जावे. माझ्या फोटोला रोज हार घालण्यासाठी कोणी मागे थांबू नये.

माझ्या बचतीतून माझी माती उरकावी. राहील ते संघमित्राच्या शिक्षणाला. तिने काय शिकावे हे घरातल्या कोणत्याही पुरुषाने ठरवू नये, आणि बाईनेही दोनदा विचार करून बोलावे.

कलम ६. मशीन, कैची वगैरे

माझी शिवणमशीन मी शमसुन्निसाला द्यायची ठरवली होती आणि माझी भिंगांची पेटी सोनीबाईला. वकील साहेबांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोर्टात शंका निघते. तेव्हा दोघींना बोलावून विचारले, तुम्हाला वस्तू पाहिजे की सही.

शमसुन्निसाने मशीनकडे बघितले. ती मशीन गेली वीस वर्षे निम्मी तिच्याच घरी असते. मग म्हणाली, "मशीन कायले पाह्यजे मले? सही करतो मी. पोट्टा कोर्टात उभा राह्यला त म्या बी उभी राहीन."

सोनीबाई म्हणाली, "माही सुई माह्यापाशी हाय."

म्हणून मशीन नसरीनला जाईल. तिच्या आईला ती मागेल तेव्हा वापरू द्यावी आणि मागताना आईला थँक्यू म्हणायला लावू नये. भिंगांची पेटी तांड्यावर जी मुलगी भिंग टाकायला शिकेल तिला द्यावी. मोठी कैची संघमित्राला. तिने कागद कापला तर मी स्वप्नात येईन.

माझा लोखंडी पाट आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईने दिवाळीला नेला तो आणला नाही. तिचे नाव लिहीत नाही, ती हे वाचून घेईलच.

कलम ७. वाकळ

वाकळीची मालकी कायद्यासाठी उर्वशीकडे राहील, कारण वकील साहेब म्हणतात वस्तूला एक मालक लागतो. खरे तर तिला एक मालकीण नाही. उर्वशीने पुढील अटी पाळाव्यात.

वाकळ विकू नये, कापू नये, काचेत ठेवू नये आणि पेटीत घालून झाकूनही ठेवू नये. जिला गरज लागेल तिच्या घरी ती जावी. बाळंतिणीला, तापकऱ्या बाईला, माहेरी परत आलेल्या मुलीला ती पांघरायला द्यावी. मळली तर धुवावी. विरली तर ठिगळ लावावे, पण कोणाचाही चौकोन झाकून नाही. दर बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात दोरीवर टाकावी, निवडणूक असो नसो. कोणी पुन्हा उसवले तर पुन्हा भरावे. दोरा जाड घ्यावा.

गुडघ्याविषयी माझे शेवटचे म्हणणे असे की तो चुकून भरला गेला होता. आता तो माझ्या मर्जीने तिथे आहे.

कलम ८. विक्कीला

माझा मुलगा विक्की धर्मपाल हनवते यास मी पुढील वस्तू देते.

एक. मधल्या खोलीची कडी. ती मी परवा स्क्रू काढून उतरवली आहे आणि स्क्रूंसह फडक्यात बांधून ठेवली आहे. त्या दाराला आता आतून बोल्ट बसवला आहे, सरळ. उर्वशीनेच बसवला.

दोन. त्याच्या वडिलांचा काळा कोट. हा कोट घालून ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जात आणि छोटा विक्की त्यांच्या खांद्यावर असे. कोटाचे एक बटण नाही. ते डब्यात आहे.

मला विक्कीवर माया नाही असे कोणी समजू नये. तो मला आजही रोज आठवतो. त्याला मुगाची खिचडी लागते हे मला माहीत आहे आणि राजूरला ती त्याला कोणी करून देत नाही हेही माहीत आहे. पण माझी माया घेऊन त्याने माझ्या सुनेला कोंडावे आणि मी वरून कौतुक सांगत फिरावे, हे मी पुन्हा होऊ देणार नाही. मेल्यावर तर नाहीच.

वाकळीच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकोनाला लागून, एक चौकोन कोरा आहे. लोक विचारतात तो कोणाचा. आजपर्यंत आम्ही सांगितले नाही, आता सांगते. तो विक्कीचा आहे.

आमच्यात आजवर पुरुष बसलेला नाही. या चौकोनावरून बायांमध्ये भांडण झाले, नसरीन दोन दिवस आली नाही. शेवटी ठरले ते असे. विक्कीने कडी घेऊन ओसरीवर यावे, खाली बसावे आणि त्या दिवशीचे आपल्या तोंडाने सांगावे. कडी डाव्या हाताने धरली, गुडघा उजवा लावला, आणि तेव्हा मनात काय होते, तेही. मग त्याने डब्यात हात घालावा. जिचे बटण येईल ती सुई घेईल आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलणार नाही. त्याच्या बायकोने जसे सांगितले आणि त्याच्या आईने जसे ऐकले, तेवढाच मान त्यालाही मिळेल. चौकोन भरून झाला की कोटाचे बटण काढून त्याला द्यावे.

उर्वशीचेच बटण आले, तर ते परत टाकायचे की सुई घ्यायची, हे ती एकटी ठरवेल. तिला कोणी समजावायला जाऊ नये.

तो आला नाही तर चौकोन कोराच राहील. त्यावर फूल भरू नये, पान भरू नये, दया म्हणून तर काहीच भरू नये. दर पौर्णिमेला दोरीवर तसाच दिसू द्यावा. विक्की, मी असेपर्यंत आलास तर बटण मी माझ्या हाताने कोटाला लावून देईन. कोट खुंटीवर आहे, मी त्याला दर महिन्याला ऊन दाखवते.

कलम ९. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी उर्वशी करील. कोणी याला आव्हान दिले तर त्याने कोर्टात वाकळ हजर करण्याची मागणी जरूर करावी. न्यायाधीश साहेबांनाही बघू द्या.

हे मी वाचून घेतले, समजून घेतले, दोन ठिकाणी वकील साहेबांशी भांडून दुरुस्त केले आणि खालील दोघींच्या समोर सही केली. त्या दोघींनी माझ्या समोर सही केली. मला जे बोलायचे होते ते बोलून झाले.

ठिकाण : पुसद
दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

(सही) रुखमाबाई धर्मपाल हनवते

साक्षीदार :

१. (सही) शमसुन्निसा जमीर शेख, धंदा मोटर रिवाइंडिंग, राहणार पुसद.
धंद्याच्या जागी वकील साहेबांनी आधी "घरकाम" लिहिले होते. ते खोडून साक्षीदाराने स्वतःच्या हाताने दुरुस्त केले आहे. दुरुस्ती मला मान्य. रु. ध. ह.

२. (सही) सोनीबाई रामसिंग राठोड, धंदा शेतमजुरी व भरतकाम, राहणार तांडा, तालुका पुसद.